दुप्पट नेमकेपणाला चौपट वेळ

विद्यापीठाच्या अणुऊर्जा प्रयोगशाळेत पाहुणा संशोधक येतो तेव्हा त्याच्यासोबत तीन गोष्टी येतात: एक पेटी, एक प्रस्ताव आणि 'दोन आठवड्यांत काम आटपेल' हा भ्रम. पेटी तपासणीत अडकते, प्रस्ताव समितीत अडकतो, भ्रम तेवढा दारातून सरळ आत येतो.

कागदपत्रांमागे कारण आहे, हे आधीच मान्य करतो. किरणोत्सारात काम करणाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची (हे डोस मोजायचं एकक) मर्यादा असते. सरासरी पाच वर्षांची, आणि आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार कुठल्याही एका वर्षात ५०च्या (भारतात ३०च्या) वर जायचं नाही. त्यामुळे पाहुण्याने आपल्या मूळ संस्थेत किती डोस घेतला हे यजमानांना कळावं लागतं. संस्था दोन असल्या तरी शरीर एकच, म्हणून खातंही एकच. तो दाखला मूळ संस्थेकडून यायचा असतो आणि तो देणारी व्यक्ती नेमकी रजेवर असते. दरम्यान सुरक्षा प्रशिक्षणाची लेखी परीक्षा होते. 'किरणोत्सारी सोर्सपासूनचं अंतर दुप्पट केलं तर डोस किती होईल?' उत्तर आहे एक चतुर्थांश. पहिल्या वर्षाची पोरं दहा सेकंदांत खूण करून मोकळी होतात. हे सूत्र वर्गात शिकवणारे प्राध्यापक मात्र सोर्स बिंदुवत धरायचा की पसरट, यावर पर्यवेक्षकाशी वाद घालत बसतात.

दाखला येईपर्यंत पाहुण्याला एकट्याने हिंडता येत नाही. सोबत आमच्यापैकी कोणीतरी. ज्यांचे शोधनिबंध आम्ही वाचतो त्यांना 'सर, त्या पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभे राहा' असं सांगण्याचं सुख दुसऱ्या कुठल्या विभागात मिळत नसावं.

मग बॅज. टीएलडी बॅजमधले स्फटिक किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि नंतर तापवले की तेवढ्या प्रमाणात प्रकाश देतात. बॅज छातीवर लावायचा, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी वाचायला पाठवायचा. एकदा तापवून वाचला की नोंद पुसली जाते, म्हणजे 'पुन्हा एकदा बघा ना' ही विनंती चालत नाही. बॅज चढवलेला कोट सोर्सच्या कपाटाशेजारच्या खुंटीवर राहिला, तर डोस कोट घेतो आणि खुलासा माणसाला लिहावा लागतो. दातांचा एक्स-रे काढताना बॅज खिशात असला तरी तेच. पाहुण्याला तात्पुरता म्हणून जो पेनासारखा डोसिमीटर देतात, तो आणखी हळवा. आत एक बारीक क्वार्ट्‌झचा धागा विद्युतभारामुळे ताणून उभा असतो. किरणांनी भार कमी झाला की धागा मोजपट्टीवर सरकतो. तो दिव्याकडे धरून, एक डोळा मिटून वाचायचा. हातातून पडला की धागा थेट पट्टीच्या पलीकडे जातो आणि कागदोपत्री पाहुण्याने काही क्षणांत दोन मिलिसीव्हर्टहून जास्त खाल्लेले असतात. म्हणूनच सोबत टीएलडी देतात, आणि म्हणूनच पेन दोन क्लिपांनी अडकवावं, असं माझं मत आहे.

आत शिरताना आडवं बाक लागतं. अलीकडे स्वच्छ, पलीकडे संशयित. बाकावर बसायचं, डाव्या बुटावर कव्हर चढवायचं, डावा पाय पलीकडे न्यायचा आणि तिथेच टेकवायचा. मग उजवा. परतताना उलट क्रम: कव्हर आतली बाजू बाहेर करत सोलायचं आणि मोकळा पाय हवेतल्या हवेत अलीकडे आणायचा. लिहायला सोपं आहे. ज्यांचा गुडघा धरलेला आहे त्यांनी बाकाच्या टोकाला, भिंतीला टेकून बसावं. हातमोज्यांचंही शास्त्र आहे: पहिला मोजा मनगटाशी बाहेरून चिमटीत धरून उलटा ओढायचा, दुसऱ्याच्या आत उघडं बोट सरकवून तो पहिल्यासकट गुंडाळायचा. नाकाला खाज मात्र मोजे चढवल्याशिवाय येत नाही.

आता खरं दुखणं: जर्मेनियमचा डिटेक्टर. गॅमा किरणांची ऊर्जा यापेक्षा बारकाईने सांगणारा दुसरा सहसा मिळत नाही, पण हा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनवर जगतो. साधारण ३० लिटरची टाकी दर आठवड्याला भरावी लागते. घरातल्या जावयासारखा हा सुट्टीच्या दिवशीच आठवण करून देतो. नायट्रोजन तळघरातून वर आणायचा तर लिफ्टमध्ये भांड्यासोबत माणसाने बसायचं नाही. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. लिफ्ट मध्येच अडकली तर ऑक्सिजन हळूहळू संपतो आणि जीव गुदमरतोय हे कळतही नाही. म्हणून एकाने खाली भांडं आत ढकलून बटण दाबायचं, दुसऱ्याने वर थांबायचं, आणि मधल्या मजल्यांवरच्या लोकांसाठी भांड्याला मोठी पाटी लावायची. तरी मधल्या मजल्यावर दार उघडतंच. समोर उभे असलेले सद्‌गृहस्थ पाटी वाचतात, भांड्याकडे बघतात आणि जिन्याने जातात. त्या दिवशी त्यांना व्यायाम घडतो, हे आमच्याच पुण्यात धरावं.

टाकी आटून डिटेक्टर अर्धवट गरम झाला, तर लगेच नायट्रोजन ओतून चालत नाही. आधी तो पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर आतल्या भागांवरून सुटलेला ओलावा आणि वायू नेमके स्फटिकावर जाऊन गोठतात. मग पुन्हा थंड करायचा, आणि व्होल्टेज द्यायच्या आधी किमान सहा-आठ तास, शहाणे असाल तर रात्रभर, थांबायचं. त्यानंतर २००० ते ४००० व्होल्ट, शंभर-शंभरच्या पायऱ्यांनी. त्याआधी मागची धन-ऋण खटकी दोनदा बघायची. उलटी राहिली तर पुढच्या अवस्थेतला नाजूक ट्रान्झिस्टर जातो, आणि पाहुण्याचे उरलेले दिवस ग्रंथालयात जातात.

खटकी बरोबर असली तरी केबल असते. पाहुण्याच्या पेटीतल्या केबलची तोंडं आमच्या खोक्यांच्या तोंडांना जुळत नाहीत. जुन्या पद्धतीचा उच्च-व्होल्टेज कनेक्टर आणि साधा सिग्नलचा कनेक्टर इतके सारखे दिसतात की जोर लावला तर एकात एक बसल्यासारखे वाटतात. जोर लावायचा नाही. जोडणी झाली की ॲम्प्लिफायरवरचा एक बारीक स्क्रू फिरवून, प्रत्येक स्पंदाची शेपूट शून्यरेषेच्या खाली बुडत नाही ना, हे ऑसिलोस्कोपवर बघायचं. त्यासाठी लागणारा छोटा स्क्रूड्रायव्हर कोणत्याही प्रयोगशाळेत फक्त रिकाम्या डबीच्या रूपात असतो.

एवढं झालं की मोजणी. इथे निसर्गाचा एक नियम सगळ्यांना सारखाच वाकवतो: जेवढे काउंट (डिटेक्टरने टिपलेले किरण), त्याच्या वर्गमूळाएवढी अनिश्चितता. एक टक्का नेमकेपणा हवा तर १०,००० काउंट. नमुना मिनिटाला सहा काउंट देत असेल तर त्याला जवळजवळ २८ तास. मार्गदर्शक आकडे बघून सहज म्हणतात, "अर्धा टक्का झाला असता तर बरं दिसलं असतं." सहज म्हटलेल्या या वाक्याची किंमत ४०,००० काउंट, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त. प्रबंध लांबतात ते आळसाने, हा समज या वर्गमूळानेच पसरवला असणार.

त्यातही नमुना एकटा बोलत नाही. काँक्रीटच्या भिंतींतलं पोटॅशियम ऊर्जेच्या आलेखावर १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आपलं शिखर उभारून बसलेलं असतं. शेजारच्या खोलीत कोणी कोबाल्टचा सोर्स इकडून तिकडे नेला की ११७३ आणि १३३२ला दोन पाहुणे हजर. दार धाडकन लागलं तर कंपनाने खालच्या टोकाला गोंधळ. म्हणून डिटेक्टरभोवती शिशाची भिंत. ५ गुणिले १० गुणिले २० सेंटिमीटरची एक वीट ११ किलोंच्या थोडी वर भरते. दिसायला एवढीशी, त्यामुळे प्रत्येक नवा विद्यार्थी ती पहिल्यांदा एका हाताने उचलायला जातो. इथे पायाच्या बोटांना किरणांपेक्षा किरण अडवणाऱ्या वस्तूंचा धोका जास्त आहे. विटांचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, आणि आतून तांब्याचं व कॅडमियमचं किंवा कथलाचं अस्तर लावायचं, नाहीतर शिसंच ७५च्या आसपास स्वतःचे एक्स-रे सोडून आपण अडवलेल्या गर्दीत सामील होतं.

ऊर्जेची पट्टी जुळवायला जे सोर्स असतात त्यांचीही एक गंमत. चकतीवर १ मायक्रोक्यूरी, म्हणजे ३७,००० बेकेरेल (सेकंदाला तेवढे अणू फुटतात), असं लिहिलेलं असतं, पण तारीख २६ वर्षांपूर्वीची असते. कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं, उरले सुमारे १,२००. नोंदवही, कुलूप, सही आणि चिमटा मात्र पूर्ण ३७,००० ला शोभेल असा.

मोजणी चालू असताना चहाची तल्लफ येते. आत खाणं-पिणं वर्ज्य, म्हणून बाहेर जायचं, आणि बाहेरच्या वाटेवर हातापायांना किरणोत्सारी कण चिकटलेत का ते बघणारा मॉनिटर उभा. पाय खुणांवर, हात खाचांत, दहा-वीस सेकंद निश्चल. मग यंत्र हिरवं होतं किंवा बोंबलतं. बोंबललं की सगळ्यांच्या नजरा वळतात, पण जाणते आधी विचारतात, "मोजे कसले घातलेत?" हवेतल्या रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सारी वायूपासून बनणारे कण कोरड्या हवेत, स्थिर विद्युत धरणाऱ्या कृत्रिम धाग्यांना चिकटतात, पावसातून आलेल्या बुटांनाही. ओळख सोपी: त्यांतले महत्त्वाचे दोन, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, यांची अर्धायुष्यं सुमारे २७ आणि २० मिनिटं. डाग कुठे आहे त्याची नोंद करायची, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजायचं. आकडा ठळकपणे उतरला तर रेडॉन, ढिम्म राहिला तर सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलवायचं. चहासाठी निघालेला माणूस पाऊण तास मोज्याकडे बघत बसतो, हे ओघाने आलंच.

अशाच एका यंत्राने १९८४च्या डिसेंबरमध्ये मोठं काम केलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात लिमरिक अणुवीज केंद्राची उभारणी चालू होती आणि स्टॅन्ली वॉट्रस नावाचा अभियंता मॉनिटरमध्ये गेला की घंटा वाजायची. तिथे वीजनिर्मिती सुरूही झालेली नव्हती. शोध घेतला तर किरणोत्सार तो घरून आणत होता: घरातल्या हवेत रेडॉन, घनमीटरला सुमारे एक लाख बेकेरेल. तेव्हा मोज्यांना हसू नये. रुग्णालयात नुकतीच हाडांची स्कॅन करून आलेला पाहुणाही मॉनिटर दणाणून सोडतो. स्कॅनसाठी टोचलेल्या टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य सहा तास. असे लोक आधी सांगतील तर दोन दिवसांचा बभ्रा वाचेल.

जिथे छोटी अणुभट्टी आहे तिथे विद्यार्थ्यांना तिच्या नियंत्रण-पटलावर बसता येतं. अमेरिकेत पोर्टलंडच्या रीड कॉलेजची २५० किलोवॅटची भट्टी तर परवानाधारक पदवीपूर्व विद्यार्थीच चालवतात. ऐकायला थरारक. प्रत्यक्षात इंधन थोडं वाढवायचं, काउंट घ्यायचे, त्यांचा व्यस्त आलेखावर मांडायचा, रेषा शून्याला कुठे भिडेल (तिथे साखळी क्रिया आपली आपण चालू लागते) ते बघायचं, आणि उरलेल्या अंतराच्या अर्ध्याहून पुढे कधीच जायचं नाही. डिटेक्टर न्यूट्रॉन सोर्सच्या फार जवळ ठेवला असेल तर रेषा खोटं बोलते, मग पुन्हा पहिल्यापासून. २ डिसेंबर १९४२ला शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींच्या चमूनेही असंच पायरीपायरीने केलं. सकाळी भट्टी आपोआप बंद होण्याचा उंबरठा कमी ठेवल्यामुळे एक सुरक्षा दांडा आपोआप पडला, तेव्हा फर्मींनी सरळ जेवणाची सुट्टी जाहीर केली. पहिली स्वयंपोषित साखळी क्रिया त्यानंतर ३ वाजून २५ मिनिटांनी. भट्टी बंद करतानाही घाई चालत नाही. न्यूट्रॉन शोषणारे दांडे क्षणात पडतात, पण उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनांमुळे सुरुवातीच्या घसरणीनंतर शक्ती दहाव्या हिश्श्यावर यायला दर वेळी तीन मिनिटं घेते.

न्यूट्रॉनांचा मारा करून नमुन्यातली मूलद्रव्यं ओळखायची, तर कुपीला उघड्या बोटाने शिवायचं नाही. घामातलं मीठ भट्टीतून सोडियम-२४ होऊन बाहेर येतं आणि बाकी सगळ्यांना झाकून टाकतं. अर्धायुष्य १५ तास. पाच दिवस थांबलात तर २५६वा हिस्सा उरतो. ॲल्युमिनियमचं उलट: २.२४ मिनिटांत निम्मं. कुपी नळीतून आली की धावत डिटेक्टरकडे. भट्टीतून निघाल्याची वेळ भिंतीवरच्या घड्याळाने लिहिलेली आणि मोजणीची संगणकाच्या, असा एका मिनिटाचा जरी घोळ झाला तरी आकडा पाव हिश्श्याहून जास्त चुकतो.

भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते उंचावर आहे, आणि शिडी भट्टीच्या दालनात, संशयित बाजूला असते. ती बाहेर काढायची तर प्रत्येक पायरीवरचा १०० चौरस सेंटिमीटर भाग गाळणकागदाने पुसायचा, कागद मोजायचे, अर्ज भरायचा आणि अधिकाऱ्यांची सही घ्यायची. म्हणून लॉगबुकच्या पहिल्या पानावर कोणीतरी लिहून ठेवलंय: 'भिंतीवरचं घड्याळ एक मिनिट पुढे आहे, वजा करावं.' त्याखाली वेगळ्या अक्षरात: 'आता दोन.'