पाचपर्यंत मोज गं मावशी

गेल्या महिन्यात आमच्या पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसती भांडणं. मावसबहिणीची मुलगी अडीच वर्षांची झाली, चार-पाच शब्दांच्या पुढे गाडी जात नाहीये, डॉक्टरांनी स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे स्पर्श, हालचाल आणि रोजची कामं जमवण्याचा सराव) दोन्ही सुरू करा सांगितलं, आणि सिंहगड रोडवरून आठवड्यातून तीनदा बाणेरला सेंटरला न्यायचं म्हटल्यावर घरात दोन पार्ट्या पडल्या. एकीचं म्हणणं, थेरपी सेंटरलाच व्हायला हवी, तिथे झोके असतात, बॉल पूल असतो, घरी काय होणारे डोंबल. दुसरी पार्टी म्हणजे आमचा मामा, ज्याने आइन्स्टाइन उशिरा बोलल्याचा फॉरवर्ड तीनदा टाकला. (मामाला आइन्स्टाइनबद्दल एवढंच माहितीये.)

मी न्यू जर्सीत बसून वाचत होते आणि मला दोघांचाही राग येत होता, कारण माझा मुलगा दोन वर्षांचा असताना आम्ही यातूनच गेलोय.

इथे अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन असतं, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना लवकर मदत, देशाच्या कायद्यातच आहे ते, नाव कळवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि प्लॅनची मीटिंग व्हायला लागते, तपासणी फुकट, पुढच्या सेशनना आमच्या राज्यात कमाईप्रमाणे पैसे. आणि थेरपिस्ट घरी येते. मला वाटलं बॅग भरून खेळणी आणेल, तर बाई हात हलवत आल्या! तुम्ही दोघं दिवसभर काय करता विचारलं, मी कणीक भिजवायला घेतली होती, म्हणाल्या चला, तेच करू.

आता माझा मुलगा चिकट काही हाताला लागलं की किंचाळायचा. म्हणून आधी नुसतं कोरडं पीठ, परात आणि चहाची गाळणी. आठवडाभर तेवढंच. मग पिठात चार थेंब पाणी, तेही चमच्याने, मग एका बोटाने, नको म्हणाला की थांबायचं, जबरदस्ती नाही. महिन्याने त्याने सुपारीएवढा गोळा स्वतः दाबला आणि हात पुसायला माझ्या कुर्त्याकडे आला, मी तो कुर्ता दोन दिवस धुतला नाही. शिवाय मटार सोलणं, कपड्यांची बास्केट ढकलत नेणं, पाण्याची भरलेली बाटली घेऊन जिना चढणं. (कडधान्याचा ट्रेही केला होता, त्याने चवळी नाकात घातली, तो विषय तिथेच संपला. समोर बसून राहणार असाल तरच करा.)

सगळ्यात अवघड होतं डब्याचं. आवडीचा खाऊ डब्यात, झाकण घट्ट, डबा त्याच्यासमोर, आणि आपण तोंड मिटून मनात पाचपर्यंत मोजायचं. त्याने बघितलं, बोट दाखवलं, आवाज काढला, काहीही चालेल, मग आपण 'उघड' म्हणून उघडायचं. मी पुण्याची, दोनच्या पुढे मला गप्प बसवेना. आणि हे सगळं मराठीतच बोला म्हणाल्या त्या, दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं असं काही नसतं. त्याचं पहिलं 'उग' तिसऱ्या आठवड्यात आलं.

त्यामुळे सेंटर की घर हे भांडणच मला पटत नाही. आठवड्याचा एक तास त्या बाईंचा होता, उरलेले १६७ आमचे, आणि त्या एका तासात त्या मुलापेक्षा मलाच जास्त शिकवत होत्या. बहिणीच्या सेंटरला आई बाहेर बाकावर, मूल आत, आणि शेवटी वहीत 'आज छान केलं'. मी तिला म्हटलं, झोके किती आहेत ते नको बघू, मला आत बसू द्याल का आणि घरी काय करायचं ते दाखवाल का हे विचार, नाही म्हणाले तर दुसरं बघ. आणि मामाला म्हणावं, आइन्स्टाइन राहू दे, आधी पोरीच्या कानांची तपासणी करून घेऊ.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. तिसऱ्या वाढदिवसाला त्या बाईंचं येणं बंद, पुढचं आपल्या भागातल्या सरकारी शाळांच्या डिस्ट्रिक्टकडे, पुन्हा नवी तपासणी, नवी माणसं. आणि फेब्रुवारीच्या बर्फात 'आता तुझी पाळी, आता माझी पाळी' खेळायला आम्ही दोघंच. पुण्यात तुळशीबागेतली भातुकली आहे, पर्वतीच्या पायऱ्या आहेत, सोसायटीतली दहा पोरं आहेत, फक्त घरातली चार माणसं पोरीला काही करूच देत नाहीत, एक बूट घालतंय, एक टीव्हीसमोर भरवतंय. सरकारी सोय तिकडेही आहे हो, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, पुढे उपचारांसाठी जिल्हा केंद्रं आहेत, पण आमच्या ग्रुपवर एकालाही हे नाव माहीत नव्हतं, सोसायटीतलं मूल अंगणवाडीत जातंच कुठे.

परवा व्हिडिओ कॉलवर मावशीला डबा दाखवायला लावला. चकलीचा डबा, झाकण घट्ट, पोरगी समोर. मावशी मोठ्याने मोजतेय, एक, दोन, पोरीने डब्यावर हात आपटला, तीन, मग तिने वर मावशीच्या तोंडाकडे बघितलं, अगदी टक लावून, मी इकडून ओरडतेय थांब थांब, आणि मावशीने उघडला की डबा. "अगं बघत होती गं बिचारी!"

अगं मावशी, तेच तर हवं होतं, तू फक्त 'उघड' म्हणायला विसरलीस.