टीव्हीचा पडदा कायमचा काळा ठेवण्याची खात्रीशीर पद्धत

सार्वजनिक वाहिनीचं प्रक्षेपण डिजिटल झालं आणि तुमच्याकडे अजूनही स्वच्छ चित्र येतंय? मग नक्कीच काहीतरी करायचं राहून गेलंय. थोडी मेहनत घेतली तर पडदा पूर्ण काळा करता येतो, शिवाय खापर केंद्रावर फोडायची सोयही राहते.

आधी जुनी समजूत घट्ट धरा. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी बातम्या देणारा चेहरा ओळखू यायचा. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत झकासच असतं. अमेरिकेतल्या एटीएससी या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीत सिग्नल गोंगाटापेक्षा (म्हणजे त्यात मिसळणाऱ्या नको त्या लहरींपेक्षा) साधारण १५ डेसिबलने वर असला की सगळं दिसतं. त्याखाली जरासा घसरला की आधी चौकोन, मग तुटका आवाज, मग अंधार. म्हणून पहिलं चित्र दिसताक्षणी अँटेनाचा नट आवळा आणि गच्चीवरून खाली या. दिशा दोन-चार अंश फिरवून थोडा सिग्नल शिलकीत ठेवायच्या भानगडीत पडू नका. ओली पानं आणि वारा उरलेलं काम चोख करतील.

मेनूत ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे दिसतील. पाहायचा फक्त ताकदीचा. ताकद ९० आणि गुणवत्ता २० असेल तर खूश व्हा: भिंतींवर आपटून आलेल्या लहरी, शेजारचा मोबाइल टॉवर, सगळ्यांनी मिळून ते ९० जमवलेत.

आता बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी. याच्याइतकं गुणी उपकरण दुसरं नाही. तो नेहमी टीव्हीच्या मागेच लावा. अँटेनापासून तिथवर ३० मीटर आरजी-६ (अँटेनाची नेहमीची) केबलमध्ये यूएचएफ, म्हणजे टीव्हीच्या वरच्या फ्रीक्वेन्सी पट्ट्यातला सिग्नल पाच-सहा डेसिबल गमावून आलेला असतो. बूस्टर तो वाढवतो आणि सोबत गोंगाटही इमानदारीनं वाढवतो. अँटेनाच्या खांबावर लावला असता तर केबलमधली घट पुढे जाणवली नसती, म्हणून तो मोह टाळा. ट्रान्समीटर घराजवळ असेल तर मात्र बूस्टर हवाच, तोही मोठा. इतका जोरदार सिग्नल आणखी वाढवला की टीव्हीतला ट्यूनर (वाहिनी पकडणारा भाग) गुदमरतो आणि ताकदीचा आकडा भरलेला असताना चित्र जातं. कोणी मोबाइलच्या लहरी अडवणारा फिल्टर दिलाच, तर तो बूस्टरच्या आधी न लावता नंतर लावा.

खांबावरचा बूस्टर आधीच बसवलेला असेल तरी निराश होऊ नका. त्याला वीज खालच्या अ‍ॅडॉप्टरकडून, त्याच केबलमधून जाते. मध्ये वीज पुढे न सोडणारा साधा स्प्लिटर (एका केबलचे फाटे करणारा तुकडा) टाका, बूस्टर जागच्या जागी मेला. तेवढं धाडस नसेल तर नुसते स्प्लिटर वाढवा: दोन फाट्यांचा प्रत्येक फाट्यावर साडेतीन डेसिबल खातो, चार फाट्यांचा सात.

केबलच्या टोकाला जाळीची एक बारीक तार मधल्या तांब्याला टेकलेली राहू द्या. कनेक्टरला रबरी टोपी नको, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ तर मुळीच नको, नाहीतर पाणी तिथूनच गळून जातं. आत मुरायला हवं.

अँटेना घेताना खोक्यावर ‘डिजिटल’ लिहिलंय एवढंच बघा. (अँटेनाला डिजिटल-अ‍ॅनालॉग कळत नाही, फक्त फ्रीक्वेन्सी कळते. दुकानदाराला हे सांगू नका, बिचारा दुखावेल.) वाहिनी व्हीएचएफवर, म्हणजे यूएचएफच्या खालच्या पट्ट्यात असेल तर तळहाताएवढी यूएचएफची कडी (गोल अँटेना) आणा. १८० मेगाहर्ट्झला अर्ध्या लहरीचा डायपोल (दोन दांड्यांचा साधा अँटेना) ८० सेंटिमीटरच्या आसपास लागतो, तेव्हा कडीला फार काही ऐकू येणार नाही. अमेरिकेत १२ जून २००९ ला पूर्ण शक्तीची अ‍ॅनालॉग केंद्रं बंद झाली आणि तोवर डिजिटलसाठी यूएचएफ वापरणारी काही केंद्रं व्हीएचएफवर परतली. अशा कड्या घरोघरी रातोरात बहिऱ्या झाल्या. फिलाडेल्फियात सहाव्या चॅनेलवरच्या केंद्राला पुढे प्रक्षेपणाची शक्ती वाढवावी लागली. व्हीएचएफवर हलक्या प्रतीचे एलईडी दिवेही छान कुरकुर करतात, अँटेनाशेजारी एक लावून ठेवा.

तक्रार करताना ‘दिसत नाही’ एवढंच म्हणा. केंद्राच्या चार उपवाहिन्यांपैकी तीन दिसतात आणि एकच गायब आहे, हे चुकूनही बोलू नका. चारही एकाच फ्रीक्वेन्सीवरून येत असतील तर अँटेनाच्या दोषानं चारही गेल्या असत्या. हे ओळखून समोरचा माणूस लगेच ‘पुन्हा स्कॅन करा’ म्हणेल. त्यानं अगदी पिच्छाच पुरवला, तर अँटेनाची वायर काढून आधी एक रिकामं स्कॅन करायचं, म्हणजे जुनी यादी पुसली जाते, आणि मग वायर जोडून दुसरं. तुम्ही पहिलं तेवढं करा. दुसरं ट्रान्समीटर देखभालीसाठी बंद असेल त्या दिवशी उरका.