बाणांचं लगेज

बारा बाण. सगळे मिळून अर्धा किलोसुद्धा भरत नाहीत. शनिवारी बेळगाव-खानापूर बसमध्ये त्यांना लगेजचं तिकीट पडलं. 20 रुपये. अशा वेळी 'पैशाचं काही नाही हो' असं म्हणायची पद्धत आहे. पण पैशाचंच आहे.

कंडक्टरने माझ्या मांडीवरच्या नळकांड्यावर टकटक करून विचारलं, "इदु एन्री?" मी म्हटलं, "बाण." कानडीतही बाणाला बाणच म्हणतात, म्हणजे भाषेचा प्रश्न नव्हता. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या टकलाकडे, मग नळकांड्याकडे. "उद्द ऐत्री," म्हणाला आणि मशीन दाबलं. लांब आहे. पुढच्या सीटखाली कोबीचं अख्खं पोतं होतं, पण ते लांब नव्हतं, गोल होतं. या बसमध्ये 2023 पासून बायकांना तिकीट नाही. बाण पडला पुल्लिंगी, त्याला मी काय करणार? तिकिटावरचं कानडी मला एरवी वाचता येतं. रागात असलो की येत नाही.

माझा राग खरं तर कंडक्टरवर नव्हताच, शहरातल्या एका दुकानदारावर होता. खांदा आखडला म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, व्यायामाचा कंटाळा म्हणून मी एकोणपन्नासाव्या वर्षी धनुष्यबाण घेतला, एवढीच पूर्वपीठिका. दुकानदाराने विचारलं, "मुलगा कितवीला आहे?" मी म्हटलं, माझ्यासाठीच हवेत. तो हसला नाही. हसू दाबलं. ते जास्त लागतं. मग त्याने कार्बनचे सहा बाण काढून दिले, नंबर 400. "एकदम मजबूत माल, घ्या डोळे झाकून."

डोळे झाकूनच घेतले. महिनाभर सगळे बाण डावीकडे. गवताच्या गंजीला लावलेला कागद कोरा आणि डावीकडचं शेवग्याचं झाड जखमी. मी चष्मा बदलला. चष्म्याला किती गेले ते घरी अजून सांगितलेलं नाही. शेवटी आमच्या सरांनी बाणावरचा नंबर वाचला आणि कपाळाला हात लावला. माझं धनुष्य 26 पौंडांचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागतो; त्याला 900 च्या आसपासचा, बराच मऊ बाण लागतो. म्हणून शनिवारी बदलून घ्यायला गेलो, तर काउंटरमागे पाटी: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती महिन्यापूर्वी तिथे नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. हट्टाने नवे सहा घेतले. जुने सहा आणि नवे सहा, झाले बारा, आणि बारांचं लगेज.

शेजारी एक मामा बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. पिरनवाडी येईपर्यंत गप्प होते.

"पडद्याच्या दांड्या काय, सर?"

"बाण आहेत."

"कशाला मारूलालाय?"

"कागदाला."

मामांना माझी दया आली असावी. म्हणाले, "आमच्यात रानडुकरं भात तुडवूलाल्यात. एवढे बाण घेऊन हिंडूलालाय, एक डुक्कर पाडा की." मी समजावलं की 1972 चा वन्यजीव कायदा आहे, डुकराला बाण मारला तर डुक्कर राहील बाजूला, मलाच आत टाकतील. शिवाय हे बाण निशाण्यावर मारायचे. अमेरिकेत बाणांनी हरणं मारतात, पण ते बाण वेगळे, जास्त वजनदार, टोकाला ब्लेडसारखी पाती. माझ्या बाणाचं टोक शंभर ग्रेनचं.

"ग्रेन म्हंजे गहू?"

"वजन. साडेसहा ग्रॅम."

"म्हंजे अर्ध्या तोळ्याला थोडं वर." मामांनी क्षणात हिशेब केला. "एक ग्रेन म्हंजे अर्धी गुंज धरा की." त्या दुकानदाराला हे महिनाभर शिकवलं असतं तरी आलं नसतं.

मग त्यांनी न विचारता नळकांड्यातून एक बाण उपसला, दोन्ही टोकांना धरला आणि वाकवला. माझा जीव वर. अॅल्युमिनियमचा बाण वाकला की वाकडाच राहतो. कार्बनचा मात्र आमच्या आजोबांसारखा, एकतर सरळ नाहीतर मोडलेला, मधली अवस्था नाही. आणि मोडला की त्याच्या सुयांसारख्या ढलप्या हातात घुसतात. मामांनी वाकवलेला बाण कानाजवळ नेला, जरा फिरवला, पुन्हा वाकवला. "करकर वाजत नाही. चांगला हाय." मी अवाक. आमचे सर अगदी हेच सांगतात: प्रत्येक वेळी मारायच्या आधी बाण वाकवून ऐका, चिरकला असेल तर कुरकुरतो, तसला सोडायचा नाही. मामा हे भोपळ्यांवर शिकले असावेत.

आता मला राहवेना. सांगितलं, नंबर कसा काढतात ते: बाण अठ्ठावीस इंचांवर दोन टेकूंवर ठेवायचा, मधोमध 880 ग्रॅम वजन टांगायचं. अर्धा इंच झोक आला तर नंबर 500. एक इंच आला तर 1000. म्हणजे नंबर वाढला की बाण मऊ. चष्म्यासारखंच, नंबर वाढला की कमजोर. आणि थोडा मऊ लागतोच, कारण दोरी सुटताना बाण सापासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून जातो. फार ताठ असला तर वळसाच घेत नाही, उजव्या हाताने मारणाऱ्याचा सरळ डावीकडे.

"शेवग्यावर," मामा म्हणाले. शेवग्याचं मी कधी सांगितलं ते मला आठवत नाही.

"बघूया की, खरं," म्हणत त्यांनी पिशवी उघडली. कुंदा अर्धा किलो. चहापूड पाव किलो. "सातशे पन्नास. अजून एकशेतीस." पिशवीच्या तळातून एक कुलूप निघालं. हातावर झेलून म्हणाले, "हे तेवढंच." सगळं पुन्हा पिशवीत. तीन विती आणि वर बोटभर अंतर मोजून बाणाचं एक टोक समोरच्या सीटच्या पायपावर टेकवलं, दुसरं मी उभ्या धरलेल्या नळकांड्यावर. मधोमध पिशवी. समोरची बाई मागे वळून बघायला लागली. कोबीवालाही उठून आला. मच्छे कधी गेलं कळलं नाही.

400 चा बाण जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्म्याने झुकला. "ताठ हाय," मामा म्हणाले. "शाळेतल्या मास्तरासारखा." मग 900 चा लावला. तो छान खाली आला, इंचाला थोडं कमी. बसमध्ये कुणीतरी "आलं, आलं" असं म्हणालं. मला स्वतःला इतकं बरं वाटलं, की दुकानदार समोर असता तर मिठी मारली असती आणि मग चिमटा काढला असता.

"सर, हे स्पर्धेत किती लांबून मारतात?"

"ऑलिंपिकला सत्तर मीटर. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये कंपाउंडमध्ये, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्यात, जगज्जेती झाली. सतराव्या वर्षी."

"आणि तुमचं वय?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही. गतिरोधक आला. बस उडाली, नळकांडं सुटलं, पिशवी खाली, कुंद्याचा डबा उघडून कुंदा थेट कंडक्टरच्या चपलेवर. बाणाला काही झालं नाही, तेवढं बरं. कंडक्टर कानडीत जे बोलला ते मला रागात नसूनही कळलं नाही.

मामा कुंद्याकडे बराच वेळ बघत राहिले. नातीसाठी होता म्हणे. मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. "तसले ताठ तुमी ठेवून काय करणार?" म्हणाले. "काकडीचे वेल चढवायला बरे." माझे साडेतीनशेचे एकेक बाण, काकडीला! पण कुंदा माझ्याच प्रयोगात गेला होता.

खानापूरला मामा उतरले, बगलेत सहाच्या सहा 400 नंबरचे बाण. दारात कंडक्टर उभाच होता, चप्पल पुसत. त्याने त्यांना लगेज विचारलं नाही.