‘आफ्रिकन लोकांचे केस वाढतच नाहीत’: या मजकुराला उत्तर

आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या केसांबद्दल एक मजकूर मराठी ग्रुपांवर पुन्हा पुन्हा येतो. त्यात म्हटलेलं असतं की हे केस वाढत नाहीत, फार राठ असतात, धुता येत नाहीत म्हणून वेण्यांत कोंबून ठेवतात, लहानपणापासून खोबरेल लावलं असतं तर सरळ झाले असते, आणि एकूणच निसर्गाने या लोकांवर अन्याय केला आहे. पुढे पाठवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

हे केस वाढतात. महिन्याला एक सेंटिमीटरपेक्षा थोडे कमी. आपले थोडे जास्त. मग लांबी दिसत का नाही? केस मुळापासूनच घट्ट वळत येतो, त्यामुळे ओढून धरला तर खांद्यापर्यंत येणारा केस वाळला की कानाजवळ जाऊन बसतो. शिवाय प्रत्येक वळणावर तो कमकुवत असतो, स्वतःभोवतीच गाठ मारून घेतो आणि कंगवा लागला की तिथे तुटतो. वाढ होते, पण खाली तूटही होत राहते. तूट थांबवली की लांबी टिकते.

राठ म्हणाल, तर एकेक केस सुटा पाहा. तो बहुतेक वेळा आपल्या केसापेक्षा बारीकच असतो. छेद गोल नसून चपटा, लंबगोल; घटक तेच केराटिन नावाचं प्रथिन. राठपणा जाणवतो तो कोरडेपणामुळे. टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, इथे ते वळणांत अडकतं. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, असं एकाच डोक्यावर दिसतं.

धुण्याचं म्हणाल, तर ते ठरवून करतात: आठवड्याने किंवा पंधरवड्याने. रोज शॅम्पू लावला तर उरलंसुरलं तेलही जातं. शॅम्पू टाळूला लावायचा, कंडिशनर टोकांपर्यंत भरपूर. केस ओले असतानाच बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवायचा. रात्री डोक्याला सॅटिनचा रुमाल, कारण सुती उशी ओलावा शोषते आणि घासते. वेण्यांमुळे रोजची ओढाताण वाचते. मात्र वेणी घातल्यावर डोकं ठणकत असेल, कपाळाच्या कडेला पुळ्या येत असतील तर ती सैल करायलाच हवी. सततच्या ताणाने तिथले केस कायमचे जाऊ शकतात. लहान मुलींच्या बाबतीत तर हे फारच जपावं.

आता खोबरेल. ते चांगलंच आहे: मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की ते केसात शिरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं. पण केसाचा आकार ठरतो त्वचेखालच्या वाकड्या मुळात, वरून लावलेलं तेल तिथे काही बदलत नाही. तेल पाणीही देत नाही, म्हणून आधी ओलावा, मग तेल. सरळ करायचेच तर जबर उष्णता किंवा सोडियम हायड्रॉक्साइडसारखं तीव्र रसायन लागतं. त्याने टाळू भाजू शकते, आणि नवा केस पुन्हा कुरळाच येतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ३३ हजार स्त्रियांच्या अभ्यासात अशी उत्पादनं वारंवार वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. यातून थेट कारण सिद्ध होत नाही, पण ‘सरळ करून टाका’ हा सल्ला सहज देऊ नये, इतकं नक्की.

राहिला निसर्गाचा अन्याय. २०२३ च्या एका प्रयोगात तापवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर सरळ-कुरळ्या केसांचे वेगवेगळे टोप चढवून वरून उन्हासारखा प्रकाश सोडला. टाळूपर्यंत सर्वांत कमी उष्णता पोहोचली ती घट्ट कुरळ्या केसांखाली. म्हणजे निसर्गाने उन्हापासून जपलंच; अन्याय केला तो माणसांनी. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत केसांत पेन्सिल खुपसून ती अडकते की पडते यावरून माणसाचा वंश ठरवत. २०१६ मध्ये तिथल्याच प्रिटोरिया शहरातल्या मुलींना शाळेच्या केसांविषयीच्या नियमांविरुद्ध आंदोलन करावं लागलं. नैसर्गिक केसांवरून भेदभाव करू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला.

आणि असे केस आपल्या शेजारीही आहेत. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागात राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकन वंशाच्या सिद्दी समाजात कोकणी आणि मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. अशी मुलगी वर्गात असेल तर ‘केस विंचरून ये’ म्हणून तिला घरी पाठवू नका. कोरडे विंचरले तर ते तुटतील, आणि न विंचरता फुललेले तेच केस नीटनेटके असतात.