‘दारुड्या वकिला’बद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अठराव्या शतकातला अमेरिकन वकील ल्यूथर मार्टिन याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “एका दारुड्या वकिलाचा एवढा उदोउदो कशाला? गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बोलला आणि स्वतः गुलाम बाळगले. तारखासुद्धा तपासलेल्या नाहीत.”

आधी तारीख. अमेरिकेची राज्यघटना लिहिणारी फिलाडेल्फियाची संविधान परिषद त्याने ऑगस्टमध्ये सोडली असं मी लिहिलं होतं. तो ४ सप्टेंबर १७८७ ला निघाला. चूक माझी, दुरुस्त केली आहे.

पण ‘दारुड्या’? तो पीत होता हे मी लेखातच लिहिलंय, तुम्ही काही शोधून काढलेलं नाही. हाच माणूस १७७८ पासून १८०५ पर्यंत मेरीलँड राज्याचा ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील होता. १८०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांच्यावरच्या महाभियोगात तो सेनेटसमोर बचावाला उभा राहिला आणि चेस सुटले. १८०७ मध्ये रिचमंडला माजी उपराष्ट्राध्यक्ष आरन बरवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना बरला शिक्षा हवी होती. तरी मार्टिनने त्याचं वकीलपत्र घेतलं. बर निर्दोष सुटला. जेफरसननी मार्टिनला ‘बुलडॉग’ म्हटलं ते याच काळात. शिव्या तेव्हाही सोप्याच होत्या.

मला हा शब्द का झोंबतो तेही सांगतो. माझे वडील तालुका कोर्टात ३१ वर्षं वकील होते. संध्याकाळी घ्यायचे. बाररूममध्ये त्यांचा उल्लेख याच शब्दाने व्हायचा, आणि जामीन अडला की तीच मंडळी रात्री आमचं दार वाजवायची. अशिलाचे कागद वाचल्याशिवाय ते कधी कोर्टात उभे राहिले नाहीत. तुम्ही कोर्टाची पायरी चढला आहात का, मला माहीत नाही. प्रतिक्रियेवरून तसं वाटत नाही.

गुलामांबद्दल म्हणाल, तर विसंगती होती. त्या काळी पुष्कळांची होती. त्यावर इथे वाद घालत बसणार नाही.

पक्षाघाताने मार्टिन खचला, कफल्लक झाला, तेव्हा १८२२ मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने ठराव केला, की राज्यातल्या प्रत्येक वकिलाने त्याच्यासाठी दरवर्षी पाच डॉलर द्यावेत. ठराव वर्षभरच टिकला, पण झाला. शेवटी त्याला आसरा दिला तो बरने, न्यूयॉर्कला, आणि १८२६ मध्ये त्याच्याच घरी मार्टिन वारला.

हे सगळं लेखाच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत होतं. तिथवर तुम्ही पोचला असतात तर बरं झालं असतं.