फॉरमॅट कशाला, आधी प्रॉक्सीचं बटण तर बघा

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवापासून एकच मेसेज फिरतोय. नानांनी टाकला, रामबागेतल्या मावशीने पुढे ढकलला, पुण्याच्या मंडळींनी अंगठे दिले. मेसेज थोडक्यात असा: कॉम्प्युटरवर "प्रॉक्सी सर्व्हरशी कनेक्ट होत नाही" असं आलं की समजा व्हायरस, राउटर रीसेट करा, क्रोम काढून परत टाका, नाहीच झालं तर विंडोज फॉरमॅट मारा, आणि वर बोनस म्हणून एक फ्री प्रॉक्सीचा नंबर दिलाय, तो टाकला की म्हणे नेट डबल पळतं आणि तुम्हाला कोणी ट्रॅक करू शकत नाही. अरे भिया!

राउटरचं आधी. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस, ब्राउझर थेट साइटवर न जाता आधी त्याच्याकडे जातो, आणि त्याचा पत्ता बहुतेक वेळा तुमच्या विंडोजमध्ये लिहिलेला असतो, राउटरमध्ये नाही. म्हणून तर त्याच वायफायवर मोबाइल मस्त चालतो ना! पिंग करून बघा, म्हणजे समोरचा कॉम्प्युटर जागा आहे का ते हाक मारून बघा, कमांड प्रॉम्प्टच्या (कमांड टाइप करायची विंडोजची खिडकी) आत गूगलला पिंग मारला तर उत्तर येतं आणि ब्राउझर मात्र मेलेला, कारण पिंग प्रॉक्सीतून जातच नाही. असं दिसलं की नेटवाल्याला फोन करायच्या आधी प्रॉक्सी बघायची. आणि रीस्टार्ट वेगळं, रीसेट वेगळं हो, पिन खुपसून रीसेट केलंत तर नेटवाल्याने भरलेला युजरनेम-पासवर्ड पण उडू शकतो, मग बसा त्याच्या माणसाची वाट बघत.

क्रोम काढून टाकायचा काही उपयोग नाही. विंडोजवर क्रोम आणि एज दोघंही विंडोजचीच प्रॉक्सी सेटिंग वाचतात, नवीन क्रोम टाकला तरी तो तीच चुकीची चिठ्ठी उचलणार, इन्कॉग्निटो पण तीच. फायरफॉक्समध्ये स्वतःची वेगळी सेटिंग ठेवता येते, त्यामुळे तिथे "नो प्रॉक्सी" करून साइट उघडली तर चोर सापडला समजा.

आता व्हायरस आणि फॉरमॅट, इथे मेसेज अर्धा खरा आहे म्हणून जास्त घातक आहे. मागच्या महिन्यात लोकमान्य नगरच्या काकूंच्या पीसीचं हेच झालं. जेल रोडवरच्या एकाने बघताक्षणी फॉरमॅट सांगितला आणि काकूंचे तर वीस वर्षांचे फोटो त्यात, बॅकअप शून्य. मी गेलो, पोहे खाल्ले (काकू त्याशिवाय माउसला हात लावू देत नाहीत), आणि सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग प्रॉक्सी उघडलं. मॅन्युअल प्रॉक्सी ऑन, पत्ता १२७.०.०.१ आणि पुढे एक पोर्ट नंबर (त्या पत्त्यावरचा दाराचा नंबर समजा). हा पत्ता म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर. म्हणजे कुठला तरी प्रोग्राम त्याच पीसीत बसून सगळं नेट स्वतःतून ओढत होता, आणि तो बंद पडला तरी पाटी तशीच राहिली, ब्राउझर बिचारा रिकाम्या दारावर टकटक करतोय.

तिथेच काकांच्या वेगळ्या लॉगिनने उघडलं तर नेट धडाधड चालू! कारण ही सेटिंग साधारणपणे प्रत्येक युजरची वेगळी असते. बटण ऑफ केलं, काकूंचं पण चाललं, रीस्टार्ट केलं आणि परत ऑन. इथेच लोक हार मानतात. कोणीतरी ते बटण पुन्हा दाबतंय ना, मग तो शोधा. काकूंनी फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर घेतला होता, त्याच्या पाठीवर बसून एक "शॉपिंग हेल्पर" आला होता. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये सापडला, अॅप्समधून दोन्ही काढले, स्कॅन मारला, परत बटण ऑफ, खेळ खल्लास. फोटो जागेवर. आणि दरवेळी असा जाहिराती घुसवणारा प्रोग्राम, म्हणजे अॅडवेअरच असतो असं पण नाही, फिडलरसारखी डेव्हलपर लोकांची टूल्सही हीच सेटिंग बदलतात आणि मध्येच क्रॅश झाली तर तशीच सोडून जातात.

कुणीतरी खाली "विनएचटीटीपी रीसेटची कमांड मारा" लिहिलंय. ती जागा वेगळी, विंडोजच्या बॅकग्राउंड सर्व्हिसेसची, क्रोम तिकडे बघत नाही. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर ४०७ नंबरचा एरर आला तर प्रॉक्सी जिवंत आहे, फक्त लॉगिन मागतेय, तिथे काही ऑफ करू नका, आयटीवाल्याला विचारा.

राहिला तो फ्री नंबर. मध्ये एक अनोळखी थांबा वाढवल्यावर नेट डबल कसं पळेल? पूर्वी प्रॉक्सी पानं साठवून ठेवायची तेव्हा फरक पडायचा, आता बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर, बंद पाकीट, साठवणार काय. ट्रॅकिंगचं म्हणाल तर जीमेलमध्ये लॉगिन केलंत की गूगलला तुम्ही कोण ते कळलंच, उलट तुम्ही कुठल्या कुठल्या साइटवर जाता ती यादी त्या अनोळखी माणसाला आयती मिळते. साधी एचटीटीपी साइट असेल तर आतला मजकूरही तो वाचू शकतो, बदलूही शकतो. आणि त्याने "हे सर्टिफिकेट (कोणावर विश्वास ठेवायचा ते कॉम्प्युटरला सांगणारी फाइल) इन्स्टॉल करा" म्हटलं आणि तुम्ही केलंत, तर बंद पाकीट पण उघडं.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर नानांचा वेगळा मेसेज आला, "मग मी तो नंबर टाकलाय तो काढू का?" नाना, आत्ता काढा. आणि टाकताना कुठे सर्टिफिकेटवर येस दाबलं होतं का ते आठवून ठेवा, मी संध्याकाळी येतोच.