कायदा होईल हो, पण शिट्टी कोण मारणार?

आमदारसाहेबांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या सुरक्षेसाठी वेगळा कडक कायदा मागितला, दंड वाढवा म्हणाले, बातमी वाचून बरं वाटलं. निदान विषय तरी काढला, नाहीतर आमच्या किनाऱ्याची आठवण फक्त मासळी खाताना येते. पण दंड वाढवून काय होतं ते आम्ही बघितलंय ना. 2021 मध्ये सागरी मासेमारीचा 1981 चा कायदा सुधारला, एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटवाल्यांना लाखांत दंड, कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे दिले, एवढं सगळं झालं तरी रात्री बंदरावर उभं राहा, समोर लखलखाट दिसतोच. गस्तीनौका एक, तीपण कधी बंद कधी डिझेल नाही.

किनाऱ्याचं तेच. 2016 ला मुरूडला सहलीची 14 पोरं बुडाली तेव्हा पण जीवरक्षक, टेहळणी मनोरे, सगळं बोलून झालं. आमच्या इथला जीवरक्षक ग्रामपंचायतीच्या मानधनावर, पगार चार चार महिने थकलेला, बिचारा अमावास्येच्या उधाणात घसा फोडून शिट्टी मारतो आणि घाटावरचे पाहुणे त्यालाच म्हणतात तू कोण आम्हाला सांगणारा. वर थार घालतात पाण्यात, रुतली की ट्रॅक्टरवाल्याशी भाव करत बसतात (त्याचा सीझन मस्त जातो म्हणा 😄).

साहेब, कायदा आणाच, पण त्यात जीवरक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून आणि पाण्यातून लोकांना बाहेर काढायचा अधिकार त्याच्या हातात, एवढं लिहून घ्या. आणि अधिवेशन संपल्यावर एकदा मे महिन्यातल्या रविवारी इकडे या, पोलीस बंदोबस्त न घेता.